पाळी पुढे ढकलणारी गोळी : इतिहास आणि श्रद्धा

दिवाळी सरली आणि लग्नसराई सुरू झाली की कोल्हापुरातील औषधांच्या दुकानांत एक मागणी हलक्या आवाजात होऊ लागते. दुकानात गर्दी असेल तर बाई थोडी बाजूला उभी राहते, पुरुष गिऱ्हाइके निघून जाऊ देते आणि मग म्हणते, "ती पुढे जायची गोळी द्या." दुकानदाराला अधिक काही सांगावे लागत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनासाठी, चैत्रात जोतिबाच्या यात्रेसाठी, घरच्या पूजेसाठी ही गोळी घेतली जाते. आपल्या ख्रिस्ती घरांतही ती येते. लेकीच्या लग्नाची मिस्सा असते, धाकट्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद असतो, वेलांकणीची यात्रा ठरलेली असते किंवा जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांच्या दर्शनाला जायचे असते. पाहुण्यांची यादी, कपडे, वाजंत्री यांच्याबरोबर आई लेकीची तारीखही बोटांवर मोजते आणि गोळ्यांची पट्टी घरात येते.

गोळी एवढीशी, पांढरी. तिचे शास्त्रीय नाव नॉरेथिस्टेरॉन. 'प्रिमोल्युट-एन' या नावाने ती आपल्याकडे अनेकांच्या ओळखीची आहे. ती कोठून आली, कोणी शोधली, आणि मुख्य म्हणजे आपण ती कोणाच्या सांगण्यावरून घेतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की एका टोकाला तिसऱ्या शतकातील धर्माध्यक्षांचे पत्र सापडते, दुसऱ्या टोकाला मेक्सिकोच्या रानातील एक कंद. आणि शेवटी आपण आपल्याच उसाच्या फडात येऊन पोहोचतो.

प्रथम श्रद्धेची बाजू पाहू. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायात रजस्वला स्त्रीच्या सात दिवसांच्या अशुद्धतेचे नियम आहेत. तिने स्पर्शिलेले अंथरूण, आसन, आणि त्यांना शिवणारा माणूसही अशुद्ध ठरतो. आपल्या मराठी मुलुखाला हे नियम परके वाटण्याचे कारण नाही. 'बाहेर बसणे', 'कावळा शिवणे', 'अडचण', 'विटाळ' हे शब्द आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडी होते. ख्रिस्ती झालेल्या घराण्यांनी देव्हाऱ्याच्या जागी क्रूस ठेवला. पण 'या दिवसांत वेदीजवळ जाऊ नये, मेणबत्ती लावू नये' हा संकोच कित्येक घरांत तसाच राहिला. तो संकोच ख्रिस्तसभेने शिकवला असे आपण समजतो. इतिहास काय सांगतो?

आरंभीच्या ख्रिस्तसभेत या प्रश्नावर एकमत नव्हते, हे मान्य केले पाहिजे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे धर्माध्यक्ष संत डायोनिशियस यांनी बॅसिलिडीस यांस लिहिलेल्या पत्रात असे मत दिले की, त्या दिवसांत भाविक स्त्रीने पवित्र प्रसादाजवळ जाऊ नये. त्यांनी दाखला दिला तो मार्ककृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातील स्त्रीचा. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली ती स्त्री गर्दीतून मागून आली आणि तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. डायोनिशियस यांचे म्हणणे असे की, तिने केवळ वस्त्राच्या काठाला हात लावला, प्रभूच्या देहाला नव्हे. त्याच तिसऱ्या शतकात सिरियात तयार झालेल्या 'डिडास्कालिया' या शिकवणीच्या ग्रंथाने मात्र नेमके उलट सांगितले. बाप्तिस्म्यात लाभलेला पवित्र आत्मा त्या सात दिवसांत स्त्रीला सोडून जात नाही. मग तिने प्रार्थना, शास्त्रवाचन आणि पवित्र प्रसाद यांपासून दूर का राहावे, असा त्या ग्रंथाचा युक्तिवाद आहे.

पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप थोर संत ग्रेगरी यांनी संत ऑगस्टीन यांना इंग्लंडमध्ये धर्मप्रसारासाठी पाठवले. (हे कँटरबरीचे ऑगस्टीन; हिप्पोचे नव्हेत.) नव्या ख्रिस्ती लोकांना कोणते नियम लावावेत, याविषयी त्यांनी रोमला प्रश्न विचारले. त्यांत एक प्रश्न पाळीच्या दिवसांत स्त्रीने चर्चमध्ये यावे काय व ख्रिस्तप्रसाद घ्यावा काय, असाही होता. इसवी सन ६०१ च्या सुमारास ग्रेगरी यांच्या नावे गेलेले उत्तर व्हेनरेबल बीड यांनी ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात नोंदवून ठेवले आहे. उत्तर असे : तिला चर्चमध्ये येण्यास मनाई करू नये आणि ख्रिस्तप्रसाद घेण्यासही अडवू नये. एखादी स्त्री आदरापोटी स्वतःहून थांबली तर ते वाखाणण्याजोगे. पण जी घेते तिला दोष देऊ नये. निसर्गाने जे होते तो अपराध नव्हे. आणि येथेही दाखला त्याच स्त्रीचा आहे. आजारात असता तिने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श करणे योग्य ठरले, तर निसर्गनियमाने जिला हे भोगावे लागते तिला प्रभूच्या मंदिरात का येऊ देऊ नये?

एकच स्त्री, एकच वस्त्राचा काठ. एका धर्माध्यक्षांनी त्यातून अंतर वाचले, तर दुसऱ्यांनी जवळीक. वाद तेथेच संपला नाही. त्याच सातव्या शतकात कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर यांच्या नावे असलेल्या प्रायश्चित्त-नियमांत अशा स्त्रीने चर्चमध्ये प्रवेश केल्यास तीन आठवडे उपवास करावा, असे सांगितले आहे. मध्ययुगात पुष्कळ ठिकाणी कडक मतच चालले. पण आज ख्रिस्तसभेच्या कायद्यात या मनाईला जागा नाही. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचा ९१२ वा नियम सांगतो की, कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येक बाप्तिस्माधारी व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद देता येतो व दिला पाहिजे. पाळी ही अशी मनाई नाही. म्हणून मिस्सेसाठी, वाचनासाठी, लग्नसंस्कारासाठी गोळी घेणारी मुलगी जी अट पूर्ण करू पाहते, ती अट ख्रिस्तसभेने तिच्यासमोर ठेवलेलीच नाही.

आता गोळीकडे वळू. स्त्रीच्या बीजकोशातून बीज बाहेर पडल्यावर तेथे जो पिवळसर पिंड उरतो, तो गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरणारा एक स्राव निर्माण करतो, हे अमेरिकेतील रोचेस्टर येथे जॉर्ज कॉर्नर आणि विलार्ड अॅलन या दोघांनी १९२९ मध्ये दाखवून दिले. हाच प्रोजेस्टेरॉन. १९३४ मध्ये तो शुद्ध स्वरूपात हाती आला. पण प्राण्यांच्या अवयवांतून तो काढणे इतके खर्चाचे होते की सामान्य रुग्णाला त्याचा उपयोग नव्हता. शिवाय तोंडाने घेतल्यास त्याचा परिणाम फारच थोडा होई. इंजेक्शने टोचून घ्यावी लागत.

मार्ग निघाला तो कंदातून. रसेल मार्कर हा हट्टी अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ १९४२ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ प्रांतात एका रानटी कंदाच्या शोधात गेला. आपल्याकडचे कोनफळ आणि कणगर याच कुळातले भाऊबंद म्हणता येतील. त्या कंदातील एका द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार करण्याची कृती त्याने बसवली आणि १९४४ मध्ये मेक्सिको शहरात 'सिंटेक्स' ही कंपनी उभी राहण्यास हातभार लावला. वर्षभरातच भांडून तो बाहेर पडला. पुढे जॉर्ज रोझेनक्रान्झ आणि कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करणारा लुईस मिरामोन्तेस हा तरुण मेक्सिकन रसायनशास्त्रज्ञ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी नॉरेथिस्टेरॉन बनवण्यात यशस्वी झाला. तोंडाने घेऊनही हे द्रव्य प्रभावी ठरले. त्या दिवशी तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. १९५७ मध्ये अमेरिकेत हे औषध पाळीच्या तक्रारींसाठी बाजारात आले. कोल्हापूरच्या दुकानातील पट्टीची वंशावळ ही अशी आहे.

याच सुमारास बोस्टनमध्ये डॉ. जॉन रॉक हे नाव गाजू लागले. १८९० साली जन्मलेले रॉक निष्ठावंत कॅथलिक, नित्य मिस्सेला जाणारे. अपत्य नसलेल्या जोडप्यांवर उपचार हे त्यांचे मूळ कार्य. ग्रेगरी पिंकस यांच्यासमवेत त्यांनी १९५४ पासून नव्या गोळ्यांचे प्रयोग केले. स्त्रीने सुमारे तीन आठवडे गोळी घ्यावी, मग थांबावे आणि रक्तस्राव होऊ द्यावा, अशी त्यांनी पद्धत घातली. गोळी थांबवल्यावर येणारा हा रक्तस्राव खरी पाळी नसते. पण स्त्रीला धीर वाटावा आणि हे निसर्गाच्या चालीने चालले आहे असे दिसावे, हा त्यामागचा हेतू होता. रॉक यांना आशा होती की ख्रिस्तसभा या गोळीकडे निसर्गक्रमाचाच विस्तार म्हणून पाहील. १९६३ मध्ये त्यांनी तसा ग्रंथही लिहिला.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न उडवून लावला नाही. पोप पायस बारावे यांनी १२ सप्टेंबर १९५८ च्या भाषणात भेद स्पष्ट केला होता : गर्भाशयाच्या किंवा शरीराच्या आजारावर उपाय म्हणून अशी गोळी घेतली आणि तिच्यामुळे गर्भधारणा काही काळ थांबली, तर ते पाप नव्हे, गर्भधारणा रोखणे हाच हेतू असेल तर ते ग्राह्य नाही. १९६३ मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी नेमलेला अभ्यास-आयोग पोप पॉल सहावे यांनी वाढवला. १९६६ च्या टप्प्यात त्यावर नेमलेल्या धर्माध्यक्षांत मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशस यांचाही समावेश होता. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या युखरिस्त परिषदेसाठी आलेल्या पोप महोदयांना पाहिलेली माणसे आजही आपल्या धर्मग्रामांत भेटतील. त्याच पोप महोदयांच्या मेजावर तेव्हा हा प्रश्न होता. आयोगातील बहुमत बदलाच्या बाजूचे असूनही २५ जुलै १९६८ च्या 'हुमाने विते' या परिपत्रकात त्यांनी कृत्रिम संततिनियमन नाकारले. मात्र त्याच परिपत्रकाच्या पंधराव्या परिच्छेदात आजारावरील आवश्यक उपचारांना मोकळीक कायम ठेवली. समारंभासाठी पाळी पुढे ढकलण्याचा प्रश्न त्या परिपत्रकात आलेला नाही; त्याचा रोख गर्भधारणा टाळण्याच्या हेतूकडे आहे. तेव्हा 'ही गोळी म्हणजे पापाची गोळी' असे म्हणून मुलीला घाबरवणेही बरोबर नाही, आणि 'तिच्यावाचून मिस्सा होणार नाही' असे म्हणून तिच्या हाती ती देणेही बरोबर नाही.

मग तिच्याकडे कसे पाहावे? औषध म्हणून. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या साधारण तीन दिवस आधीपासून पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, असा डॉक्टरांचा रूढ क्रम आहे. शरीरातील प्रोजेस्टेरॉन घटला की अस्तर गळते. गोळी त्या स्रावाची जागा घेते आणि अस्तर धरून ठेवते. गोळी थांबवल्यावर साधारणतः दोन-तीन दिवसांत पाळी येते. थोडे दिवस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना तिच्यापासून मोठा अपाय होत नाही. मळमळ, डोकेदुखी, स्तन दुखणे, मन उदास होणे असे त्रास काहींना होतात. परंतु एक धोका दुकानाच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. या गोळीचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेन जातीच्या द्रव्यात बदलतो आणि त्यामुळे शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता वाढते. जिला किंवा जिच्या जवळच्या नात्यात कोणाला पूर्वी अशी गुठळी झाली आहे, यकृताचा विकार, स्तनाचा कर्करोग किंवा तीव्र अर्धशिशी आहे, वजन फार आहे, कारण न कळलेला रक्तस्राव होतो किंवा दिवस राहिल्याची शंका आहे, तिने डॉक्टरांना हे सारे सांगितल्याशिवाय गोळीला हातही लावू नये. बसमध्ये किंवा रेल्वेत तासन्‌तास एका जागी बसल्यानेही गुठळीचा धोका वाढतो. वेलांकणीच्या यात्रेसाठी गोळी घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. एकच पाय सुजला वा ठणकू लागला, धाप लागली, छातीत कळ आली, दिसण्या-बोलण्यात अचानक फरक पडला, तर समारंभ सोडून रुग्णालय गाठावे. आणखी एक गैरसमज : या रीतीने घेतलेली गोळी संततिनियमनाचे साधन नव्हे.

हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे आहे. तरीही चिठ्ठी मागे का पडते? कारण डॉक्टरांशी बोलण्याची लाज दुकानदाराशी चार शब्द बोलण्याच्या लाजेहून मोठी आहे. ही लाज कोल्हापुरात जुनी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी राजर्षी शाहू छत्रपतींच्या आधाराने वैद्यकी शिकलेल्या डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी येथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, स्त्रियांवर उपचार केले. पुरुष वैद्यापुढे तोंड न उघडणाऱ्या बायका मुकाट्याने सोसत होत्या, तो हा काळ. स्त्रीने स्त्रीला दुखणे सांगावे, एवढी साधी गोष्ट घडायलाही संस्थानाच्या राजाचे पाठबळ लागले. आज शहरात स्त्री-डॉक्टरांची वाण नाही. तरी लेकीची तारीख लांबवायची असली की आपण त्यांच्या दाराशी न जाता दुकानाच्या कोपऱ्यात उभ्या राहतो.

आणि आता उसाच्या फडाकडे. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांकडे येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि दंड भरावा लागतो. फडाशेजारच्या कोप्यांत ना न्हाणी, ना संडास, ना पुरेसे पाणी. पाळीचे दिवस तेथे विटाळाचे राहत नाहीत, ते कर्जाचे होतात. त्यातून पोटदुखी, अंगावरून जाणे, जंतुसंसर्ग. मग कोणीतरी कर्करोगाची भीती घालतो आणि ऐन तिशीतल्या बाईची पिशवी काढली जाते. २०१९ मध्ये हे प्रकरण गाजले तेव्हा राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा जणींत एक. त्यानंतर त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन आले.

शहरातील गोळी आणि फडावरील शस्त्रक्रिया यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. एकीत चार दिवस पुढे जातात, दुसरीत अवयवच जातो आणि बाई अकाली म्हातारी होते. पण दोन्हींच्या मुळाशी एक समजूत समान आहे : जगाचे वेळापत्रक बदलणार नाही, बाईचे शरीरच बदलले पाहिजे. मुकादमाचा हिशेब चार दिवस थांबत नाही. आपली मिस्सा थांबण्याचा तर प्रश्नच नाही, कारण तिला काही अडतच नाही. तरी आपण मुलीच्या शरीराला थांबवतो. नाताळच्या मध्यरात्री मिस्सेहून परतताना उसाने लादलेले ट्रॅक्टर आपल्याला रस्त्यात भेटतात. गव्हाणीचा सण साजरा करून येणाऱ्या आपल्याला फडाशेजारच्या कोप्या दिसतात, एवढे तरी व्हावे.

मग गोळी घेऊच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणाला पाळीत असह्य वेदना होतात, कोणाला अतिरक्तस्राव होतो, कोणाची परीक्षा असते, कोणा वधूला त्या दिवशी सुखाने वावरायचे असते. डॉक्टरांना विचारून, आपल्या सोयीसाठी तिने हा निर्णय घेतला तर तो तिचा आहे. पण 'वेदीला विटाळ होईल' म्हणून ती गोळी घेत असेल, किंवा आई तिला तसे सांगत असेल, तर त्या भीतीवरचे औषध गोळीत नाही. ते धर्मगुरूंनी वेदीवरून, धर्मभगिनींनी मुलींच्या वर्गातून आणि विवाहपूर्व शिबिरांतील मार्गदर्शकांनी स्पष्ट शब्दांत द्यावयाचे आहे. आपल्या महिला मंडळांनी वर्षातून एकदा स्त्री-डॉक्टरांना बोलावून लेकींसह त्यांचे ऐकले, तर दुकानाच्या कोपऱ्यात उभे राहण्याची वेळ पुष्कळजणींवर येणार नाही.

शुभवर्तमानातील त्या स्त्रीने बारा वर्षे वैद्यांवर पैसा खर्च केला होता आणि तिचा आजार वाढतच गेला होता, असे मार्क सांगतो. ती भीतीने कापत पुढे आली, कारण नियमाप्रमाणे तिने गर्दीत यायलाच नको होते. प्रभूने तिला हटकले नाही. शुद्ध होऊन उद्या ये, असेही म्हटले नाही. सर्वांदेखत तिला 'मुली' अशी हाक मारली आणि शांतीने जाण्यास सांगितले. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तारीख मोजत बसलेल्या आपल्या मुलीला, गोळ्यांची पट्टी हातात देण्यापूर्वी, ही गोष्ट एकदा वाचून दाखवावी.